काळ्या कोंबडीच्या पोटी गोरं पिल्लू

मैत्रिणींनो, गेल्या दिवाळीनंतर मी चार दिवस नणंदेकडे पलूसला गेले होते. साताऱ्याहून कराड, कराडहून पुढं ताकारीच्या रस्त्यानं असा एसटीचा प्रवास करून पोहोचले, तर घरात सगळे गप्प गप्प. चहा झाला, पण कुणाच्या तोंडी शब्द नाही. शेवटी नणंदच मला हाताला धरून परसात घेऊन गेली आणि खुराड्यापुढचं डालगं उचलून म्हणाली, “वहिनी, आता तुम्हीच बघा आणि सांगा.”

डालग्याखाली देशी कोंबडी आणि तिची बारा पिल्लं होती. नऊ पिल्लं कोळशाच्या तुकड्यांसारखी. चोच काळी, पाय काळे, डोळ्याभोवतीची कातडीसुद्धा काळी. पण तीन पिल्लांचे पाय फिक्कट, चोच फिक्कट, पोटाखालची कातडी गोरी. आता गंमत अशी की अंडी होती कडकनाथ कोंबडीची. कडकनाथ कोंबड्या रवणीला फारशा बसत नाहीत, म्हणून अंडी देशी कोंबडीखाली ठेवली होती. आई काळी, बाप काळा, मग ही तीन गोरी आली कुठून?

नणंदेच्या आत्याबाईंचं उत्तर तयार होतं. “जाळीचं दार उघडं टाकलं असणार हिनं. शेजारचा कोंबडा शिरला. दुसरं काय?” नणंद शपथेवर सांगत होती की दार एक दिवससुद्धा उघडं नव्हतं. गोष्ट नुसत्या दाराची नव्हती. ही पिल्लं तिनं “शंभर टक्के अस्सल कडकनाथ” म्हणून विकायची ठरवली होती, दोन घरांकडून आगाऊ पैसेही घेतले होते. आता लोक काय म्हणतील, ही धास्ती होती.

मी थोडंफार वाचलेलं होतं, आणि जे माहीत नव्हतं ते परत आल्यावर समजून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगते. कारण परसात कोंबड्या पाळून चार पैसे मिळवणाऱ्या कितीतरी बायका सातारा-सांगली भागात आहेत, आणि रंगाच्या नावाखाली फसण्याची वेळ त्यांच्यावर एकदा नव्हे, अनेकदा आलेली आहे.

प्रत्येकाजवळ दोन चिठ्ठ्या

रंगाचा हिशोब समजायला फार शिक्षण लागत नाही. असं धरा, की प्रत्येक गुणासाठी प्रत्येक पिल्लाजवळ दोन चिठ्ठ्या असतात. एक आईनं दिलेली, एक बापानं दिलेली. शास्त्रज्ञ या चिठ्ठीला जनुक म्हणतात. दोन्ही चिठ्ठ्यांवर एकच मजकूर असला तर प्रश्नच नाही. पण एकीवर “काळं” आणि दुसरीवर “गोरं” असं लिहिलेलं असलं तर? काही चिठ्ठ्या मोठ्या आवाजाच्या असतात. त्या एकट्या असल्या तरी आपलंच खरं करतात. दुसरी गप्प बसते, पण फाटून जात नाही, हे महत्त्वाचं. ती तशीच राहते आणि पुढच्या पिढीला दिली जाते.

कडकनाथच्या कातडीतला काळेपणा अशा मोठ्या आवाजाच्या चिठ्ठीवर अवलंबून असतो. म्हणून अस्सल कडकनाथ कोंबडा आणि काळपट पायांची गावठी कोंबडी यांची पिल्लं सगळी काळीच दिसतात. विकणारा म्हणतो, “बघा ताई, एकही गोरं नाही!” आणि खरंच नसतं. पण त्या प्रत्येक पिल्लाच्या पोटात एक गोरी चिठ्ठी दडलेली असते. असे दोन संकरित पक्षी एकत्र आले की चार शक्यता होतात: काळी-काळी, काळी-गोरी, गोरी-काळी आणि गोरी-गोरी. पहिल्या तिन्ही काळ्या दिसणार, चौथी गोरी. म्हणजे चारात एक. बारात किती झाली? तीन!

अर्थात दर वेळी बरोबर तीनच निघतील असं नाही. नाणं चारदा उडवलं तर दोनदाच छापा येतो असं थोडंच आहे? कधी एक निघेल, कधी पाच. पण सरासरी चारात एक अशीच पडते.

हे गणित पहिल्यांदा मांडलं ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूनं, मठाच्या बागेत वाटाण्याची रोपं वाढवून. त्याचा निबंध १८६६ साली छापला गेला, पण १९०० सालापर्यंत कुणी फारसं लक्ष दिलं नाही. मग १९०२ साली विल्यम बेटसन या इंग्रज शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की वाटाण्याचा नियम प्राण्यांनाही लागू पडतो. त्यानं निवडलेला प्राणी कोणता, ठाऊक आहे? कोंबडी! तिच्या डोक्यावरचा तुरा कोणत्या पिल्लाला कसा येतो, याची त्यानं मोजदाद केली. म्हणजे आपल्या परसातल्या या पाखरानं विज्ञानाच्या मोठमोठ्या ग्रंथांत जागा पटकावलेली आहे.

पिसं वेगळी, कातडी वेगळी

बहुतेक जणी फसतात त्या इथं. आपण कोंबडीची पिसं बघतो आणि म्हणतो, काळी आहे म्हणजे कडकनाथ. पण पिसांच्या रंगाची चिठ्ठी वेगळी आणि कातडीच्या रंगाची वेगळी. आपल्या गावठी कोंबड्यांतसुद्धा काळीकुट्ट पिसांची असतेच की, पण सोलल्यावर आत पांढरी. ऑस्ट्रलॉर्प नावाची परदेशी जात पिसांनी इतकी काळी की उन्हात हिरवी झाक मारते, पण कातडी गोरी.

उलट, अस्सल कडकनाथची पिसं काळीच असतात असंही नाही. मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलीराजपूर भागात भिल्ल आणि भिलाला लोकांनी ही जात पिढ्यानपिढ्या सांभाळली. तिथं तिला ‘कालामासी’ म्हणतात, म्हणजे काळ्या मांसाची. तिच्यात तीन रंग मानतात: एक पूर्ण काळा, दुसरा काळ्यावर रुपेरी रेघांचा, तिसरा काळ्यावर सोनेरी रेघांचा. सोनेरी मानेचा कोंबडा बघून “हा भेसळीचा” म्हणू नका, आणि काळ्या पिसांना भुलून “हा अस्सल” असंही म्हणू नका. बघायचं ते तुरा, जीभ, चोच, पाय आणि पंखाखालची कातडी. झाबुआच्या या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तेव्हापासून नाव फारच गाजलं.

हा आतला काळेपणा येतो कसा? काळा रंग तयार करणाऱ्या पेशी अंड्यातल्या वाढीच्या वेळीच, जिथं एरवी जायच्या नाहीत तिथं जाऊन बसतात; स्नायूंवर, हाडांवरच्या आवरणावर, आतड्यांवर. या कोंबड्यांमध्ये जनुकांचा एक तुकडा दुपटीनं आलेला असतो, असं २०११ साली संशोधकांनी शोधून काढलं. चीनमधल्या रेशमी पिसांच्या ‘सिल्की’ कोंबडीतही तोच बदल आहे. एक गैरसमज मात्र काढून टाका. कडकनाथचं अंडं काळं नसतं. ते फिक्कट बदामी असतं. काळ्या कवचाचं अंडं म्हणून कुणी विकायला आलं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आणखी एक मौज सांगते. कातडीचा काळेपणा दाबून टाकणारी एक वेगळी चिठ्ठीही असते. पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांच्या कोंबड्यांत ती सापडते. तुम्ही कडकनाथ कोंबडा आणि पिवळ्या पायांची कोंबडी एकत्र ठेवलीत, तर मुली बापासारख्या काळ्या निघतात आणि मुलगे फिक्कट! बेटसन आणि त्याचा सहकारी पनेट यांनी सिल्की जातीवर हे १९११ साली नोंदवून ठेवलं आहे. याचं कारण असं, की ही दाबणारी चिठ्ठी आई फक्त मुलाला देते, मुलीला देऊच शकत नाही. का, ते पुढे येईल.

चुन्याची भिंत आणि दुधाचा चमचा

आता पिसांच्या रंगाकडे वळू. कोंबडीच्या पिसांत मुळात दोनच रंगद्रव्यं असतात, एक काळं आणि एक तांबूस-सोनेरी. आपल्या केसांतही हीच दोन असतात. बाकी सगळी नक्षी म्हणजे ही दोन कुठे, किती आणि कोणत्या वेळी उतरतात याचा खेळ.

पांढरी लेगहॉर्न कोंबडी घ्या. ती पांढरी आहे म्हणजे तिच्याजवळ रंगाच्या चिठ्ठ्या नाहीत असं नव्हे. तिच्यावर चुना मारलेला आहे, एवढंच. चुन्याखालची भिंत निळी की पिवळी, हे बाहेरून कसं कळणार? लेगहॉर्नचा चुना मोठ्या आवाजाचा. रंगीत कोंबड्याशी जोडी लावली तरी पिल्लं बहुतेक पांढरीच, फार तर एखाद-दुसरा काळा ठिपका. पण काही दुसऱ्या पांढऱ्या जातींचा चुना गप्प बसणारा असतो. त्यांची पिल्लं पहिल्या पिढीत रंगीत निघतात आणि नातवंडांत अचानक पांढरं उगवतं.

शोभेच्या कोंबड्या पाळणाऱ्यांना निळसर राखाडी रंगाचं फार वेड. त्याची गोष्ट चहासारखी आहे. कोरा चहा म्हणजे काळी कोंबडी. त्यात दुधाचा एक चमचा पडला की निळी. दोन चमचे पडले की जवळजवळ पांढरी, त्यावर शाईचे शिंतोडे उडाल्यासारखी. म्हणून दोन निळ्या पक्ष्यांची जोडी लावली तर सगळी पिल्लं निळी कधीच मिळत नाहीत. चारात एक काळं, दोन निळी आणि एक शिंतोड्यांचं. सगळीच निळी हवी असतील तर काळा आणि शिंतोड्यांचा अशी जोडी लावायची. “निळ्यांची शुद्ध जोडी, सगळी पिल्लं निळीच निघतील” असं म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल, तर त्याला स्वतःला कळत नाही किंवा तुम्हाला कळत नाही असं तो धरून चालला आहे.

पिल्लू नर की मादी?

अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्या बाईला पहिला प्रश्न हाच असतो. रंगाच्या नियमानं याचंही उत्तर मिळतं.

माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं. कोंबड्यांत उलटं आहे. तिथं ते आईकडून ठरतं. कोंबड्याजवळ लिंग ठरवणाऱ्या दोन सारख्या पट्ट्या असतात, कोंबडीजवळ एक मोठी आणि एक छोटी. मोठी पट्टी ती फक्त मुलांना देते आणि छोटी मुलींना. रंगाच्या काही चिठ्ठ्या या मोठ्या पट्टीवरच चिकटलेल्या असतात. साहजिकच आईच्या त्या चिठ्ठ्या फक्त मुलांनाच मिळतात. मघाची काळेपणा दाबणारी चिठ्ठीही तिथलीच.

आडव्या पांढऱ्या पट्ट्यांची कबरी कोंबडी, प्लिमथ रॉक, तुम्ही पाहिली असेल. ही कोंबडी आणि तांबडा ऱ्होड आयलंड कोंबडा अशी जोडी लावली, तर पिल्लं काळी निघतात. ज्यांच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो ते नर, ज्यांच्या नसतो त्या माद्या. अंड्यातून बाहेर पडल्याच्या दिवशीच निवडा! मात्र जोडी उलटी लावली, म्हणजे कबरा कोंबडा घेतला, तर ही खूण मिळत नाही. ठिपका मुलांनाही येतो, मुलींनाही येतो.

हे वाचताना तुमच्याही मनात आलं असेल, की मुलगी झाली म्हणून आपल्याकडे अजून सुनेला बोल लावतात. कोंबडीला बोल लावला तर शास्त्राप्रमाणे चालेल एक वेळ. पण बाईला लावायला शास्त्रात तीळभर जागा नाही. आणि मूल सावळं झालं, गोरं झालं, कुणावर गेलं म्हणून कुजबुज करणाऱ्यांनीही दडलेल्या चिठ्ठ्यांची गोष्ट ध्यानात ठेवावी. पणजीचा रंग पणतीत उगवतो तो असा.

पिवळ्या पायांचं माहेर

सातारकर आणि सांगलीकर मैत्रिणींना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट. पाळीव कोंबड्यांचा मूळ पुरुष लाल रानकोंबडा, हे सर्वांना मान्य आहे. पण पुष्कळ पाळीव कोंबड्यांची पिवळी कातडी आणि पिवळे पाय त्याच्याकडून आलेले नाहीत. ते आले राखी रानकोंबड्याकडून, असं २००८ साली सिद्ध झालं. हा राखी रानकोंबडा म्हणजे आपल्या सह्याद्रीचा रहिवासी. कोयना आणि चांदोलीच्या जंगलात पहाटे त्याची बांग ऐकू येते. जगभरातल्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांच्या अंगी याच्या कुळाची चिठ्ठी आहे! मात्र तो संरक्षित पक्षी आहे. त्याला पकडणं, पाळणं किंवा त्याची अंडी आणून उबवणं हा गुन्हा आहे.

पिवळ्या रंगाची दुसरी बाजू स्वयंपाकघरातली. चिठ्ठी पिवळ्याची असली तरी रंग येतो खाद्यातून. पिवळा मका, मेथी, लसूणघास, पालक यांतून. पाला मिळाला की पायही पिवळे आणि अंड्याचा बलकही.

२०१९ चा धडा

आता कडू गोष्ट. २०१९ साली सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरहून सुरू झालेलं कडकनाथचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. पैसे भरा, पिल्लं आम्ही देऊ, खाद्य आम्ही देऊ, अंडी आणि पक्षीही चढ्या भावानं आम्हीच विकत घेऊ, अशी ती योजना. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि पलीकडच्या जिल्ह्यांतल्या हजारो शेतकऱ्यांनी पैसे भरले. कुणी कर्ज काढलं, कुणी दागिने मोडले. मग खरेदी थांबली, खाद्य थांबलं आणि कोट्यवधी रुपये बुडाल्याच्या तक्रारी पोलिसांत गेल्या. त्या सप्टेंबरात मुख्यमंत्र्यांच्या यात्रेच्या वाटेवरही संतापलेल्या लोकांनी कडकनाथ कोंबड्या आणून टाकल्या होत्या.

दोष कोंबडीचा नव्हता. ती बिचारी वर्षाला शंभराच्या आसपास, कधी त्याहूनही कमी अंडी देते आणि सावकाश वाढते. दोष हिशोबाचा होता. अंडं खाणारं गिऱ्हाईक कुठं आहे, हे कुणी विचारलं नाही. नव्या माणसानं पिल्लं घ्यायची म्हणून जुन्याची अंडी विकली जायची. नवा माणूस यायचा थांबला की साखळी तुटणार, हे भिशी चालवणाऱ्या कुठल्याही बाईला कळायला हवं. “या मांसानं मधुमेह बरा होतो, दमा जातो” असल्या जाहिरातींनाही भुलू नका. कडकनाथचं मांस कमी चरबीचं आणि चवीचं असतं, पण ते औषध नव्हे.

पिल्लं घेण्यापूर्वी

पुढच्या गोष्टी वहीत टिपून ठेवा.

१. पिल्लं नव्हे, त्यांचे आईबाप बघायला मागा. तुरा, जीभ, पाय, पंखाखालची कातडी बघा. शक्य असेल तर त्याच जोडीची आधीची पिल्लंही बघा.

२. कोंबड्याची परीक्षा घ्यायची असेल तर त्याला काळपट पायांच्या पण आतून गोऱ्या कातडीच्या गावठी कोंबडीबरोबर ठेवा. एकही गोरं पिल्लू निघालं तर तो संकरित. ओळीनं आठ पिल्लं काळी निघाली तर तो अस्सल असण्याची खात्री पुष्कळ वाढते. संकरित कोंबड्याकडून असं घडण्याची शक्यता २५६ मध्ये एक एवढीच.

३. कोंबडा बदलला तरी आधीच्या कोंबड्याचं बीज कोंबडीच्या शरीरात दोन ते तीन आठवडे टिकतं. म्हणून जोडी लावण्याआधी कोंबडी तीन आठवडे वेगळी ठेवा. त्यानंतरचीच अंडी उबवायला घ्या; आधीची खुशाल आमलेटला वापरा.

४. आठ ते दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे. दर वर्षी कोंबडा बाहेरून आणा, नाहीतर बाप-लेकीचीच जोडी होऊन पिल्लं अशक्त निपजतात.

५. प्रत्येक पक्ष्याच्या पायात रंगीत कडी घाला आणि वहीत आई, बाप, अंडी बसवल्याची तारीख लिहा. एकविसाव्या दिवशी काय निघालं, तेही लिहा. ही वही म्हणजे तुमचा पुरावा.

६. लसी चुकवू नका. रंग कितीही अस्सल असला तरी राणीखेत रोग रंग बघून येत नाही. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. गिरिराज, वनराज अशा सुधारित जातींची पिल्लं हवी असतील तर पशुसंवर्धन खात्याकडे किंवा कोल्हापूरच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात चौकशी करा.

उलट्या पिसांचं खूळ

जाता जाता एक. उलट्या पिसांची कोंबडी आणि काळी कोंबडी यांना उताऱ्यासाठी अव्वाच्या सव्वा भाव मिळतो. उलटी पिसं हीसुद्धा एका चिठ्ठीची करामत. उलट्या पिसांची जोडी लावली तर चारातल्या एका पिल्लाची पिसं इतकी ठिसूळ निपजतात की ते उघडंबोडकं राहतं आणि थंडीत कुडकुडतं. यात ना देव, ना भूत. सातारचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी या समजुतींविरुद्ध उभं आयुष्य वेचलं. २०१३ साली त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यांच्या गावच्या बाईनं तरी कोंबडीच्या पिसांना घाबरू नये.

तर मैत्रिणींनो, पलूसच्या खुराड्यात पुढं काय झालं? मी चुलीजवळ बसून शेंगदाण्यांनीच आत्याबाईंना हिशोब दाखवला. सोललेला दाणा गोरा, टरफलाचा काळा. दोन-दोनच्या जोड्या लावल्या. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हंजे दार उघडं नव्हतं तर.” एवढंच. पण त्या एका वाक्यानं नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिनं दोन्ही घरांचे आगाऊ पैसे परत केले आणि खरं काय ते सांगितलं. एक घर नाही म्हणालं. दुसऱ्या घरानं काळी पिल्लं संकरित म्हणूनच, कमी भावात, पण खुशीनं नेली. गोरी तीन मात्र तिनं विकली नाहीत. त्यांतली एक तलंग आता अंड्यावर आली आहे, आणि आत्याबाई रोज सकाळी पहिलं डालगं तिचंच उचलतात.